टाकी घासण्याआधी गाळ वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इमारतीखाली ३०,००० लिटरची काँक्रीटची टाकी आहे आणि ती चार वर्षांत उघडलेली नाही. पाणी दिसायला स्वच्छ, पण मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवस नळाला कुबट वास येतो. एका कंत्राटदाराने सहा टप्प्यांची सफाई सुचवली आहे, त्यात जंतुनाशक फवारा आणि यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवाही आहे. एवढं सगळं हवं का, की दोन माणसं उतरवून टाकी घासून घेतली आणि ब्लिचिंग पावडर टाकली तरी भागेल? आणि हे किती महिन्यांनी करायचं?

मी २२ वर्षं हेच काम करतोय. तुमच्या प्रश्नात मी अडकलो तो ‘पाऊस’ या शब्दापाशी. जमिनीखालच्या बंद टाकीला बाहेरच्या पावसाशी काही देणंघेणं असता कामा नये. पाऊस पडल्यावर वास येतो, म्हणजे बाहेरचं पाणी कुठून तरी आत शिरतंय. टाकी आरशासारखी घासलीत तरी ती वाट उघडीच राहिली, तर पुढच्या पावसात वास पुन्हा हजर. त्यामुळे तुमच्याकडे सफाईपेक्षा शोधाचं काम मोठं आहे, आणि टाकी रिकामी असते ते चार-सहा तासच तो शोध घेता येतो. बहुतेक जण ते तास नुसतं घासण्यात घालवतात.

पण आत उतरण्याआधीचं बोलू, कारण या कामात माणसं मरतात ती तिथेच. “पिण्याच्या पाण्याच्या टाकीत कसला आलाय गॅस?” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. तळाचा गाळ कुजताना ऑक्सिजन खातो. आतल्या लोखंडी शिड्या, पाइप गंजतात, तेही ऑक्सिजन खातात. झाकण महिनोन्महिने बंद. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर तिथला वायू मातीतून किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपातून आत येतो. उघड्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. मीटरवर १९.५ च्या खाली आकडा दिसला की मी कुणालाही उतरू देत नाही. १० टक्क्यांच्या खाली गेला तर माणसाला गुदमरल्यासारखं वाटायलाही वेळ मिळत नाही, तो शिडीवरूनच खाली कोसळू शकतो. हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू त्याहून लबाड. त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला, म्हणजे हवा सुधारली.

मेणबत्ती किंवा कंदील सोडून बघणारे अजून भेटतात. मेणबत्ती विझते तेव्हा ऑक्सिजन आधीच बराच खाली गेलेला असतो, कार्बन मोनॉक्साइड असला तर ती शांतपणे जळत राहते, आणि मिथेन असला तर स्फोट. ती रीत विसरा. चार वायू मोजणारा मीटर भाड्याने मिळतो. दोरीला बांधून तो झाकणापाशी, मध्यावर आणि तळाशी, अशा तिन्ही ठिकाणी धरायचा. दोन मॅनहोल असतील तर दोन्ही उघडायचे. ब्लोअरचा नळकांड्यासारखा कापडी पाइप थेट तळापर्यंत सोडायचा, कारण वर फुंकलेली हवा वरच फिरते. निदान अर्धा तास हवा खेळू द्यायची, मग पुन्हा मोजायचं, आणि काम संपेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही. पेट्रोलवर चालणारा पंप किंवा जनरेटर टाकीत सोडाच, झाकणाजवळही ठेवायचा नाही. त्याचा धूर झाकणातून आत उतरतो.

उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस, त्याला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या तिपाईवरच्या कप्पीत. वर एक माणूस कायम हजर, त्याने फोनवर बोलायचं नाही. आत कुणी पडला तर वरच्याने उडी घ्यायची नाही, दोर ओढायचा आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८६ साली सांगून ठेवलंय की अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत माझाच एक मदतनीस दुसऱ्या पायरीवर उतरून “जरा गरगरतंय” म्हणाला. दोर होता म्हणून तो वर आला. तेव्हा आमच्याकडे मीटर नव्हता. दुसऱ्या आठवड्यात घेतला.

तोंडाला बांधायचा रुमाल किंवा धुळीचा मास्क यात काही कामाचा नाही. वायू गाळणारा मास्कसुद्धा हवा फक्त गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. आणि तळात सबमर्सिबल पंप सोडला असेल तर माणूस पाण्यात पाय ठेवण्याआधी त्याचा प्लग काढून हातात घ्यायचा. स्विच बंद केला एवढ्यावर विश्वास नको.

तर हे सगळं इमारतीतल्या सुरक्षारक्षकाला आणि त्याच्या भावाला बोलावून होण्यासारखं नाही. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर इथेच मिळालं. कंत्राटदार हवा, पण त्याला यूव्हीबद्दल न विचारता मीटर, ब्लोअर, तिपाई दाखवायला सांगा. ही तीन नसतील तर त्याचे सहाच्या सहा टप्पे कागदावरच राहू द्या.

आता मुहूर्त. तुमच्याकडे पावसाचं पाणी टाकीच्या आसपास साचतंय असा माझा कयास आहे, म्हणून भर पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करू नका. जमिनीतलं पाणी टाकीच्या तळाच्या एक मीटर वर आलं असेल, तर ते तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला एक टन जोराने वर ढकलतं. ५ मीटर बाय ३ मीटरचा तळ असेल तर १५ टन झाले. टाकीत पाणी असतं तोवर त्याचं वजन हा रेटा दाबून धरतं. रिकामी केलीत की टाकी होडीसारखी उचलू बघते, आणि उचलली गेली नाही तरी तळाचा कोबा फुगून तडकतो. जमिनीत पुरलेल्या प्लॅस्टिकच्या किंवा फायबरच्या टाक्या तर चेपून जातात. मी एका ठिकाणी तळाच्या मधोमध कारंज्यासारखी बारीक धार उडताना पाहिली आहे, सफाई करणाऱ्यांनी पाणी काढल्यानंतर तासाभरात. पाऊस संपून जमीन निवळली की, किंवा पावसाआधी, हे काम काढा.

दोन दिवस आधी येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह कमी करून साठा वापरून टाका, म्हणजे हजारो लिटर पाणी गटारात ओतावं लागणार नाही. शेवटचं वीतभर पाणी राहतंच, कारण पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह, तळापासून जरा वर असतो. पंप तेवढ्यावर थांबवा, नाहीतर तो गाळ ओढून वरच्या टाकीत पोचवेल. मी सफाईला गेलेल्या कितीतरी इमारतींत वरच्या टाकीतला निम्मा गाळ असाच कुणाच्या तरी घाईने चढलेला होता.

पाणी उतरलं की घासायची घाई करू नका. टॉर्च घेऊन दहा मिनिटं नुसतं बघा. गाळ कुठून आला हे तो स्वतः सांगतो. सगळीकडे सारखा पसरलेला, बोटांत पिठासारखा मऊ तपकिरी गाळ असेल तर तो पुरवठ्याच्या पाण्याबरोबर आलाय. त्यात काळजी नाही. बोटांना खरखरीत वाळू लागत असेल तर वर बघा, गिलावा सुटतोय. मी ब्रशच्या दांड्याने भिंत ठोकत जातो. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे खडूने गोल करतो. एका भिंतीखाली किंवा एका कोपऱ्यातच ढीग असेल आणि बाकी तळ त्या मानाने स्वच्छ असेल, तर माती त्या भिंतीतूनच येतेय. केसांसारखे तांबूस तंतू दिसले तर ती झाडाची मुळं. झाड बाहेर वीस फुटांवर का असेना, ते पाण्याचा माग काढत येतं. काळा, चिकट, वास मारणारा थर असेल तर तिथे हवा पोचत नाहीये आणि काहीतरी सेंद्रिय कुजतंय, आणि तुमच्या वर्णनावरून मला याचीच भीती आहे. झाकणाच्या थेट खाली चपला, बाटलीची बुचं, पाली, झुरळं सापडली तर झाकणच नीट बसत नाही, दुसरं काही नाही.

मग गाळ काढा. चिखल ओढणाऱ्या पंपाने किंवा सुपलीने बादलीत भरून. तळात एका बाजूला छोटा खड्डा ठेवलेला असेल तर सगळं तिकडे ओढत न्या. आत जाणाऱ्याचे गमबूट, ब्रश, बादल्या याच कामासाठी राखलेल्या हव्यात आणि उतरण्याआधी क्लोरीनच्या पाण्यात बुडवलेल्या हव्यात. पोट बिघडलेल्या माणसाला त्या दिवशी सुट्टी द्या.

घासायची सुरुवात छतापासून करा. हे इतकं साधं आहे, तरी दहात आठ जण तळापासून सुरू करतात आणि मग छताची घाण धुतलेल्या तळावर पाडतात. स्लॅबच्या खालच्या बाजूला वाफेचे थेंब जमतात, तिथे बुळबुळीत थर धरतो आणि तोच थेंब-थेंब पाण्यात पडत राहतो. छत, मग भिंती वरून खाली, शेवटी तळ. ब्रश नायलॉनचा. तारेच्या ब्रशाने सिमेंटवर ओरखडे उठतात आणि पुढच्या वेळी घाण त्याच ओरखड्यांत घर करते. प्रेशर जेट चांगला, पण आधी कोपऱ्यात हातभर जागेवर चालवून बघा, जुना गिलावा खपलीसारखा उडाला तर जोर कमी करा. साबण, फिनेल यांना आत जागा नाही. ॲसिडला तर मुळीच नाही. ते सिमेंट खातं, आणि मागाहून ब्लिचिंग पावडर आली तर दोघांचा मिळून क्लोरीन वायू होतो. तो हवेच्या अडीच पट जड असतो आणि तळाशी काम करणाऱ्याच्या नाकापाशी साचतो.

भिंती धुऊन झाल्या की माझं आवडतं काम. कोरड्या फडक्याने भिंती पुसून घ्यायच्या, विशेषतः पाइप जिथे भिंतीतून आत येतात तिथले सांधे आणि भिंत-तळाची कडा, आणि अर्धा तास वाट बघायची. सगळीकडे करडं कोरडं पडत असताना एखाद्या ठिकाणी नाण्याएवढा गडद डाग उमटतो. बघता बघता तो हातभर होतो, मग त्याच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबतो. हीच ती वाट. थेंब जमवता आले तर स्वच्छ बाटलीत घ्या आणि प्रयोगशाळेला जंतूंबरोबर अमोनियाही तपासायला सांगा. सांडपाणी असेल तर अमोनिया बोलतो. तुमच्याकडे कोरड्या दिवसात टाकी उघडाल तेव्हा हा डाग कदाचित उमटणार नाही. मग बाहेर त्या बाजूच्या जमिनीवर तासभर पाण्याचा नळ सोडून बघा.

वाट सापडली तर आतून लवकर घट्ट होणाऱ्या सिमेंटने बुजवणं हे तात्पुरतं मलम. बाहेर ड्रेनेजची लाइन फुटलेली असेल तर ती आधी दुरुस्त व्हायला हवी, नाहीतर पाणी दोन फुटांवर दुसरी फट शोधतं. आतून वॉटरप्रूफिंगचा लेप द्यायचा ठरला तर तो पिण्याच्या पाण्यासाठी चालणारा आहे हे डब्यावर वाचून घ्या, सुकायला सांगितलेले दिवस पूर्ण द्या, आणि लेप लावताना ब्लोअर दुप्पट लक्ष देऊन चालवा. काही लेपांची वाफ गुंगी आणते आणि पेटही घेते.

हे सगळं बघत असतानाच ओव्हरफ्लोचा पाइप कुठे जातो ते शोधा. तो सरळ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जोडलेला असेल तर तुमचं कोडं कदाचित तिथेच सुटेल. जोराचा पाऊस, चेंबर तुंबलं, पाणी उलटं पाइपातून टाकीत. ओव्हरफ्लो जमिनीच्या वर मोकळ्या हवेत संपला पाहिजे, तोंडाला जाळी हवी. हवेच्या पाइपाचं तोंड खाली वळलेलं, त्यालाही जाळी. मॅनहोलची कड आजूबाजूच्या फरशीपेक्षा निदान १५ सेंटीमीटर उंच हवी. फरशी नव्याने बसवताना ती वर चढते आणि झाकण खड्ड्यात जातं, मग परिसर धुतल्याचं पाणीसुद्धा तुम्ही पिता. चार वर्षांत तुमच्याकडे फरशी बदलली का, हे आठवून बघा.

आता जंतुनाशन. यूव्ही दिव्याचं एवढंच, की त्याचा प्रकाश जिथे पडतो तिथलेच जंतू मरतात. खांबामागे, पाइपाच्या आडोशाला, गिलाव्याच्या खळग्यात अंधारच राहतो, आणि दिवा वर काढला की त्याचा काही अंश मागे उरत नाही. वाहत्या स्वच्छ पाण्यावर तो छान काम करतो, टाकीच्या भिंतींवर शोभेचा. ‘जंतुनाशक फवारा’ बहुतेक वेळा साधं सोडियम हायपोक्लोराइटच असतं. डब्यावरचं नाव बघा. नाव नसेल तर परत पाठवा.

दोन रीती आहेत. एक, पूर्ण टाकी भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन या हिशोबाने औषध घालून एक दिवस ठेवायची. ३०,००० लिटरला १.५ किलो क्लोरीन लागतो. ब्लिचिंग पावडरीत ३० टक्के क्लोरीन धरला तर ५ किलो पावडर झाली, आणि मग ते सगळं पाणी फेकायचं. मला हे जिवावर येतं. दुसरी रीत म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅमचं कडक पाणी भिंतींवर मारायचं किंवा ब्रशने फासायचं, भिंत अर्धा तास ओली राहू द्यायची, मग धुवायचं. ५ बाय ३ बाय २ मीटरच्या टाकीत छत, भिंती, तळ मिळून ६२ चौरस मीटर भरतात, त्याला १०० लिटर पुरून उरतं. त्यासाठी पावडर लागते जेमतेम ६७ ग्रॅम. ५ किलोच्या जागी मूठभर. तुमच्या टाकीत गळती सापडली नाही तर मी हीच रीत घेईन, सांडपाणी आल्याचं सिद्ध झालं तर मात्र पहिली.

पावडर थेट फेकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करा, मग पाणी वाढवा, अर्धा तास ठेवा. चुना खाली बसतो, वरची निवळ तेवढी घ्या. पावडर ताजी असावी, भुसभुशीत आणि नाकाला झोंबणारी. गोळे झालेली, वास गेलेली पिशवी म्हणजे नुसता चुना. हायपोक्लोराइटही उन्हात ठेवलं की काही आठवड्यांत कमजोर होतं. फवारणाऱ्याने लांबच्या टोकापासून सुरू करून मागे मागे सरकत शिडीपर्यंत यायचं, क्लोरीनसारखे वायू गाळणारा मास्क आणि चष्मा लावून, ब्लोअर चालूच. धुतलेलं कडक पाणी झाडांना किंवा ओढ्याला सोडू नका, मासे मरतात. उघड्या पिंपात काही दिवस उन्हात ठेवलं की क्लोरीन उडून जातो.

वरची टाकी त्याच दिवशी करा. खालची धुऊन वरची तशीच ठेवली तर नळाला येणारं पाणी पूर्वीचंच. नंतर दोन्ही भरा आणि सगळ्यात लांबच्या नळाला क्लोरीनचा हलका वास येईपर्यंत पाणी सोडा. पाण्याच्या रंगावरून क्लोरीन दाखवणाऱ्या क्लोरोस्कोपने किंवा डीपीडीच्या गोळीने मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार क्लोरीन घातल्यावर अर्ध्या तासाने लिटरला निदान ०.५ मिलिग्रॅम आणि नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेला, क्लोरीन हवा. सकाळी ०.५ आणि संध्याकाळी शून्य दिसलं, तर काहीतरी त्याला खातंय, आणि तुम्हाला पुन्हा त्या भिंतीकडे जावं लागेल. एक-दोन दिवसांनी निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही असता कामा नये.

किती महिन्यांनी? सर्वसाधारणपणे सहा, फार तर बारा. पण तुमच्या टाकीला पहिल्या वर्षी मी महिन्यांचा हिशोब लावणार नाही, प्रत्येक मोठ्या पावसानंतर झाकण उघडून टॉर्च मारायला सांगेन. पूर आला किंवा चेंबर तुंबून पाणी आत आलं तर लगेच.

आणि एक परीक्षा आज रात्रीच करता येईल, टाकी न उघडता म्हटलं तरी चालेल, कारण फक्त झाकण सरकवावं लागतं. आत वाकू नका. रात्री सगळ्यांचं पाणी भरून झालं की येणारा व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही बंद करा. एका पट्टीवर आडवी रेघ मारून ती पाण्याच्या पातळीला लावून मॅनहोलच्या कडेला बांधा. सकाळी वापर सुरू होण्याआधी बघा. पातळी खाली गेली असेल तर टाकी गळतेय, पाणी वाया जातंय. हीच गोष्ट जोराच्या पावसाच्या रात्री पुन्हा करा. त्या रात्री रेघ पाण्याखाली गेलेली दिसली, तर सफाईची तारीख ठरण्याची वाट न बघता त्या टाकीचं पाणी पिण्यासाठी बंद करा आणि पहिला फोन प्लंबरला लावा, ड्रेनेजचं चेंबर उघडायला.